घरी बांधलेला ऑक्सिजन ॲनालायझर, आणि त्याच्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात बायोमेडिकल विभागात काम करते. व्हेंटिलेटर आणि ॲनेस्थेशिया मशिनमधले ऑक्सिजन मोजणारे सेल बदलणं, तपासणं हे माझं रोजचं काम. दर हिवाळ्यात आठ दिवस रजा टाकून अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डाइव्हिंगला जाते. तिथे नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर डाइव्ह करण्याचा, कोर्स करताना प्रशिक्षकाने टाकीतला ऑक्सिजन मोजायचं यंत्र हातात दिलं. मी सवयीने त्याचं झाकण उघडलं. आत अंगठ्याएवढा पांढरा सेल होता, मी आदल्याच आठवड्यात एका व्हेंटिलेटरमधून काढला होता तसा. त्याच दिवशी ठरवलं की आपला ॲनालायझर आपण बांधायचा. आज त्याला चार वर्षं झाली, दुसरा सेल चालू आहे.

आधी एक अट. नायट्रॉक्सचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठीच हे लिहिते आहे. इथे फक्त भरलेल्या टाकीतला ऑक्सिजन मोजायचा आहे. ऑक्सिजन मिसळून टाकी भरणं हे वेगळं आणि आगीचा धोका असलेलं काम आहे, ते घरी करायचं नाही.

हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो. नायट्रॉक्समध्ये तो जास्त असतो, बहुतेक वेळा ३२ किंवा ३६ टक्के. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाच्या सरकारी संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी १९७० च्या दशकात ही मिश्रणं रुळवली. नायट्रोजन कमी, म्हणून पाण्याखाली जास्त वेळ मिळतो. पण खोलीबरोबर ऑक्सिजनचा दाब वाढतो आणि तो १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. ३२ टक्क्यांना ही मर्यादा ३३ मीटरवर येते. आता समजा टाकीवर ३२ लिहिलंय आणि आत ४० आहे. ३३ मीटरवर एकूण दाब ४.३ बार, त्यातला ऑक्सिजनचा होतो ४.३ गुणिले ०.४०, म्हणजे १.७२ बार. एवढ्या दाबाला झटके येऊ शकतात, तेही कसलीच पूर्वसूचना न देता. तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटला की माणूस बुडतो. ज्याने टाकी भरली त्याच्यावर विश्वास असला तरी जो ती पाठीवर घेणार त्याने स्वतः मोजायची, हा नियम म्हणूनच आहे.

आता सेल. आत शिशाचा एक ध्रुव, सोन्याचा मुलामा दिलेला दुसरा, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, शिसं हळूहळू ऑक्साइड होत जातं आणि त्यातून वीज निर्माण होते. ऑक्सिजनचा दाब जितका जास्त तितके मिलिव्होल्ट जास्त, अगदी सरळ प्रमाणात. या सेलला बाहेरून वीज लागत नाही, तो स्वतःच एक छोटी बॅटरी आहे. आणि बॅटरीसारखाच तो संपतो, वापरला नाही तरी. हवेत उघडा ठेवलेला सेल साधारण दोन-तीन वर्षं चालतो. म्हणून घेताना त्याच्या अंगावरची उत्पादनाची तारीख वाचा, आणि पाकीट फोडलं त्या दिवसाची तारीख पर्मनंट मार्करने त्यावर लिहा.

सेल नवाच घ्या. मला दर वर्षी कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "ताई, तुमच्याकडे काढलेले सेल पडून असतील ना?" असतात, पण मी देत नाही. व्हेंटिलेटरमधून सेल काढतो तो बिघडला म्हणूनच. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रेत्याकडे एम१६ आट्यांचा, तापमानाची भरपाई आतच असलेला सेल मागा. काहींना मागे तीन पिनांचं सॉकेट असतं, काहींना हेडफोनसारखी ३.५ मिमीची जागा. हेडफोनवाला सोपा, पिन कुठेही मिळते. सेलबरोबर एक कागद येतो. हवेत किती मिलिव्होल्ट यायला हवेत ते त्यावर असतं. माझ्या सेलच्या कागदावर ९ ते १३ आहे. तो कागद जपून ठेवा, पुढे त्याचंच काम पडणार आहे.

पहिला ॲनालायझर पाच मिनिटांत होतो. डिजिटल मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर लावा, सेलच्या दोन तारा त्याच्या दोन काड्यांना जोडा. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर तारा उलट करा. माझ्या सेलने हवेत १०.४ दाखवले असं धरा. टाकीतला वायू सोडल्यावर आकडा १६.१ वर स्थिरावला. १६.१ भागिले १०.४, गुणिले २०.९, उत्तर ३२.४ टक्के. मीटर स्वस्तातला आहे, थोडा चुकतो, तरी चालतं, कारण आपण दोन आकड्यांचं गुणोत्तर घेतोय आणि दोन्हींत चूक सारखीच आहे. फक्त मधेच रेंज बदलायची नाही. पहिल्या वर्षी मी एवढ्यावरच भागवलं, मीटर आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर. ज्यांना सोल्डरिंगचा कंटाळा आहे त्यांनी इथेच थांबावं, आकड्याच्या खरेपणात फारसा फरक पडत नाही.

खरी मेहनत नळीवर घ्या. सेल दाब मोजतो. त्याच्या तोंडावर वायू कोंडला तर आकडा फुगतो, आणि उलट बाहेरची हवा आत शिरली तर पडतो. म्हणून ॲनेस्थेशियाच्या सर्किटमधला टी-पीस घ्या. उभ्या फाट्यावर सेल बसवा, रबरी रिंग घालून, हवा गळणार नाही असा. आडव्या फाट्याच्या एका तोंडातून वायू येईल, दुसरं तोंड उघडं राहील. उघड्या तोंडाला बोटभर लांबीचं शेपूट जोडा, साधी ऑक्सिजनची नळी चालते, म्हणजे बाहेरची हवा उलटी येत नाही. येणाऱ्या बाजूला हातभर सिलिकॉनची नळी, आणि तिच्या टोकाला प्रयोगशाळेत मिळतं ते एका भोकाचं रबरी बूच. हे बूच टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर हाताने नुसतं टेकवायचं. आवळून, बांधून बसवायचं नाही. चुकून व्हॉल्व्ह जास्त उघडला तर बूच हातातून उडून बाजूला जायला हवं, तीच आपली सुरक्षा. चेहरा व्हॉल्व्हच्या समोर कधीच आणू नका. आणि जोड सैल व्हावेत म्हणून कुठेही तेल किंवा ग्रीस लावू नका, ऑक्सिजन आणि तेल यांचं वैर आहे.

प्रवाह किती हवा? मिनिटाला एक ते दोन लिटर. हाताला अंदाज येईपर्यंत असं करा. बादलीत पाणी घ्या, एक लिटरची बाटली पाण्याने भरून त्यात उलटी धरा, नळी तिच्या तोंडाखाली सोडा. बाटली अर्ध्या ते एक मिनिटात रिकामी व्हायला हवी. पाच-सहा वेळा केलंत की व्हॉल्व्हचा कितपत आवाज म्हणजे बरोबर, हे कानाला कळतं. मला आता तो आवाज तांदूळ निवडताना ताटात होणाऱ्या सरसरीसारखा वाटतो. बादलीत बुडवलेली नळी पुन्हा सेलकडे लावण्याआधी पूर्ण वाळवा. पडद्यावर पाण्याचा एक थेंब बसला तरी आकडा खाली येतो आणि कारण सापडत नाही.

दुसऱ्या वर्षी मी डबा बांधला. सामान पासोड्या विठोबाच्या गल्लीतून घेतलं. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावं. अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एडीएस१११५ चा छोटा बोर्ड (बारीक व्होल्टेज मोजणारा), एक इंचाचा ओलेड पडदा, एक बटण, एक स्विच, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दुकानदाराने विचारलं काय बनवताय, मी म्हटलं दहा-बारा मिलिव्होल्ट मोजायचेत. त्याने मी उचललेली साधी वायर काढून घेतली. "ताई, माइकची शील्ड वायर न्या, हिच्यात ट्यूबलाइटसुद्धा येईल." बरोबर होतं त्याचं. इतक्या लहान सिग्नलला आजूबाजूची गुणगुण चिकटते.

एडीएस१११५ घ्यायचं कारण असं, की नॅनोची स्वतःची मोजणी इतक्या बारीक सिग्नलसाठी जाड आहे. एडीएस१११५ सर्वात वरच्या गेनवर, म्हणजे सर्वात बारीक रेंजवर, एका पायरीला सुमारे ७.८ मायक्रोव्होल्ट मोजतो. १०.४ मिलिव्होल्ट म्हणजे १,३३० च्या आसपास पायऱ्या, म्हणजे टक्क्याचा दहावा भाग आरामात दिसतो. सेलची धन तार त्याच्या पहिल्या इनपुटला, ऋण तार दुसऱ्या इनपुटला आणि तीच ग्राउंडलाही जोडा. दोन इनपुटांतला फरक मोजायची सोय त्यात आहे, तीच वापरा. पडदा आणि एडीएस१११५ दोन्ही नॅनोच्या ए४ आणि ए५ या दोन पिनांवर एकत्र चालतात. एडीएस१११५ चा संदर्भ-व्होल्टेज आतच असतो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी मोजणी डळमळत नाही. पॉवर बँक लावायचा मोह मला झाला होता. हा डबा इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून बंद पडतात.

प्रोग्रॅममध्ये फार काही नाही. वीस मोजण्यांची सरासरी घ्यायची, बटण दाबल्यावर ती २०.९ धरायची, पुढच्या प्रत्येक मोजणीला त्या प्रमाणात टक्के दाखवायचे. यात दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या आहेत आणि तुम्हीही करा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. एक, टक्क्यांच्या खाली मिलिव्होल्टही दिसायलाच हवेत. नुसते टक्के दाखवणाऱ्या यंत्रात मरायला टेकलेला सेलसुद्धा बटण दाबताच २०.९ म्हणतो. मिलिव्होल्ट दिसले की सेलची तब्येत दिसते. दोन, बटणाची नोंद साठवायची नाही. डबा बंद करून चालू केला की कॅलिब्रेशन, म्हणजे २०.९ धरायचं काम, नव्याने करावं लागलं पाहिजे. कालच्या तापमानावर, कालच्या दाबावर आजची टाकी मोजायची नसते. शिवाय हवेतले मिलिव्होल्ट कागदावरच्या हद्दीत नसतील तर माझा डबा बटण घेतच नाही, पडद्यावर "सेल बदला" एवढंच येतं.

सगळं मी क्लिपा असलेल्या जेवणाच्या प्लॅस्टिक डब्यात बसवलंय. झाकणाला रबरी पट्टी असतेच. खाऱ्या हवेने सोल्डरचे जोड हिरवे पडतात, म्हणून तपासून झाल्यावर प्रत्येक जोडावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले. चौथ्या वर्षीही जोड स्वच्छ आहेत.

आता ते, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

डबा घेऊन पहिल्यांदा हॅवलॉकला गेले तेव्हा सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर उभी राहून मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन केलं. २०.९. मग खात्री म्हणून साध्या हवेची टाकी मोजली. आकडा आला २१.६. दुसरी टाकी, २१.६. टाक्या भरणाऱ्या मुलाला मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की साध्या टाकीत नायट्रॉक्स कसं आलं. त्याने शांतपणे वही आणून दाखवली. "दीदी, कालपासून एकही नायट्रॉक्स भरलेली नाही." तिसरी टाकी मोजली. तीही २१.६.

तेव्हा लक्षात आलं. चूक माझ्या हवेत होती. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असली की हवेतली साडेतीन टक्क्यांच्या आसपास जागा पाण्याच्या वाफेने घेतलेली असते. त्या हवेत ऑक्सिजन २०.९ राहत नाही, २०.२ च्या जवळ येतो. मी यंत्राला २०.२ दाखवून हे २०.९ आहे असं सांगितलं होतं. टाकीतली हवा मात्र कंप्रेसरच्या फिल्टरमधून कोरडी होऊन आलेली. त्यामुळे कोरडी टाकी २१.६ दिसली, आणि खरी ३२ ची टाकी ३३ दिसली असती. मी त्या मुलाची माफी मागितली.

पुण्यात फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत हा फरक जाणवत नाही. मालवण, गोवा, अंदमान कुठेही समुद्रावर गेलात की जाणवतो. उपाय साधा आहे. कॅलिब्रेशन मोकळ्या हवेत करू नका, साध्या हवेच्या टाकीवर करा, त्याच नळीने, त्याच बुचाने, त्याच आवाजाच्या प्रवाहाने. ती टाकी खरोखर साध्या हवेची आहे हे आधी केंद्राच्या वहीत बघून घ्या.

मिलिव्होल्टही जागेनुसार बदलतात, त्याने घाबरू नका. सेल ऑक्सिजनचा दाब मोजतो आणि पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. गेल्या वर्षी इथे माझा सेल ९.७ दाखवत होता, हॅवलॉकला कोरड्या टाकीवर १०.४. वहीत नोंद करताना म्हणून मी जागाही लिहिते. एकाच जागेचे आकडे वर्षभराने पडताळले तरच सेल खचतोय का ते कळतं.

हवेतला आकडा बरोबर आला म्हणजे सेल चांगला, असं नाही. जुना सेल कमी ऑक्सिजनला व्यवस्थित चालतो आणि वर गेला की दम सोडतो. माझा पहिला सेल शेवटी हवेत ८.९ दाखवत होता, हद्दीच्या जरासाच खाली. शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याचे ४२.६ यायला हवे होते, आले ३७.१. म्हणजे शंभरच्या जागी ८७ टक्के. असा सेल जास्त ऑक्सिजनची टाकी कमी दाखवतो, आणि चुकायची सगळ्यात वाईट दिशा हीच आहे. म्हणून दर सहलीआधी दोन ठिकाणी तपासा, हवा आणि शुद्ध ऑक्सिजन. बहुतेक डाइव्ह केंद्रांत प्रथमोपचाराचा ऑक्सिजन असतो, विनंती केली तर मिनिटभर देतात. रुग्णालयात ओळख असेल तर एक सावधगिरी बाळगा. २०२१ नंतर बऱ्याच रुग्णालयांत हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे पीएसए प्लांट बसले आहेत, त्यांच्या पाइपमधला ऑक्सिजन साधारण ९३ टक्के असतो. घरच्या कॉन्सन्ट्रेटरचंही तसंच. त्यावर तपासलंत तर चांगला सेल उगाच फेकून द्याल, किंवा खराब सेलची चूक झाकली जाईल. सिलिंडरमधला नाहीतर द्रव टाकीतून येणारा ऑक्सिजन घ्या, तो ९९ टक्क्यांच्या वर असतो. तिथे ९८ च्या खाली आलं तर मी सेल बदलते.

डाइव्हच्या दिवशी मी असं करते. डबा बॅगेतून काढून वीस मिनिटं सावलीत ठेवते. उन्हात तापलेल्या बोटीच्या फळीवर ठेवलेला सेल बराच वेळ भरकटलेला असतो, आतली तापमानाची भरपाई लगेच पोचत नाही. मग साध्या टाकीवर कॅलिब्रेशन. लगेच माझी टाकी, व्हॉल्व्ह हळूच उघडून, पूर्ण एक मिनिट. आकडा थांबला की वाचायचा, चढत असताना नाही. शेवटी पुन्हा साधी टाकी, ती २०.९ ला परत आली पाहिजे. नाही आली तर मधली मोजणी रद्द.

समजा ३२.४ आले. खोलीची मर्यादा काढताना मी ३३ धरते. १.४ भागिले ०.३३, वजा एक, गुणिले दहा, म्हणजे ३२ मीटर. डाइव्ह कॉम्प्युटरवर मात्र ३२ टाकते, कारण नायट्रोजनच्या हिशोबात ऑक्सिजन कमी धरणं सुरक्षित असतं. टाकीच्या गळ्यावर चिकटपट्टी लावून टक्के, खोली, तारीख आणि माझी सही. केंद्राचा ॲनालायझर असतोच, त्यावरही मोजते. दोन्हींत एक टक्क्याहून जास्त फरक आला तर ती टाकी घेत नाही, मग बोट थांबली तरी चालेल. असं दोनदा झालंय. दोन्ही वेळा कुणाच्या यंत्रात दोष होता ते डाइव्हनंतर शोधलं, आधी नाही.

हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड दाखवत नाही. कंप्रेसरच्या हवेच्या नळीजवळ बोटीचं इंजिन किंवा जनरेटर धूर सोडत असेल तर तुमचा आकडा अगदी ३२.० असेल आणि तरीही ती हवा विषारी असेल. कंप्रेसर कुठे आहे, हवा कुठून ओढतो, हे जाऊन डोळ्यांनी बघा.

संपलेला सेल फोडू नका. आत शिसं आहे आणि द्रावण कातडी भाजतं. बोटांना साबणासारखा बुळबुळीतपणा लागला तर सेल गळलाय असं समजून भरपूर पाण्याने हात धुवा, डोळ्यांना हात लावू नका. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून तो ई-कचऱ्यात द्या. मी रुग्णालयातल्या सेलबरोबर देते. माझा सध्याचा सेल पुण्यात या महिन्यात ९.१ दाखवतो आहे, गेल्या वर्षी याच टेबलावर ९.७ होते. नवा मागवला आहे, डिसेंबरच्या आधी येईल.